राणीच्या चोळीचं अस्तर

सूडाला फार मोठी परंपरा आहे. त्याच्यापायी राज्यं बुडाली, वंश संपले आणि निम्म्या जगातल्या नाटककारांची घरं चालली. सूड घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज असतं असं मी सोळाव्या वर्षी कुठेतरी वाचलं होतं आणि आरशासमोर उभी राहून त्याचा सरावही करत होते. आमच्या घरात सूड प्रत्यक्ष घेतला गेला तेव्हा घेणारीच्या चेहऱ्यावर घाम होता, हातात दशम्यांचा डबा होता, आणि तिला मुख्य काळजी होती ती पार्किंगच्या गर्दीतून गाडी बाहेर कशी निघणार याची.

आम्ही टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहत होतो. बाबा तेल कंपनीत इंजिनियर होते. पाइपांची भिंत किती जाड असावी, हे ते दिवसभर ठरवायचे आणि घरी आल्यावर कुठल्याही विषयावर काहीही ठरवायचे नाहीत. आई अकोल्याला शिवणक्लास चालवत असे. अमेरिकेत ती बाबांच्या व्हिसावर आली होती आणि त्या व्हिसावर तिला कुठलंही काम करायची परवानगी नव्हती. हे तिला विमानतळावर उतरल्यानंतर नीट समजलं. पहिल्या वर्षी तिने घरातले सगळे पडदे शिवले, दुसऱ्या वर्षी ते उसवून नवे शिवले. तिचं मशीन गराजमध्ये असायचं, कारण घरात बाबांना आवाज सहन होत नसे. टेक्ससमधलं गराज म्हणजे भट्टीच. टेबलफॅनसमोर ओला टॉवेल टांगून ती तिथे बसायची, आणि त्या मशीनची टकटक स्वयंपाकघराच्या भिंतीतून सारखी येत राहायची. शाळेतून आल्यावर तो आवाज आला की ती आज बरी आहे हे मला कळायचं. आजही माझ्या घरी डिशवॉशर एका विशिष्ट टप्प्यावर तसा वाजतो आणि मी क्षणभर निर्धास्त होते.

आई काहीही टाकून द्यायची नाही, आणि तांदळाच्या पिशव्या तर मुळीच नाही. वीस पाउंडांच्या त्या जाड सुती पिशव्यांना ती फार मानायची. असं घट्ट विणीचं कापड इथल्या दुकानात शोधून मिळत नाही म्हणायची. त्या पिशव्यांवरच्या छपाईचा रंग जातो, हे आम्हाला बाबांमुळे कळलं. एक नवी पिशवी चुकून त्यांच्या बनियनांबरोबर मशीनमध्ये गेली आणि पुढे महिनाभर ते ऑफिसच्या पांढऱ्या शर्टाखाली एक फिकट निळा मोर घालून जात होते. त्यानंतर घरात नियमच झाला. पिशवी रिकामी झाली की मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवायची, तीनदा धुवायची, मागच्या कुंपणावर वाळत घालायची, आणि मगच तिला दुसरं काम द्यायचं. कुंपणावर कपडे दिसतात म्हणून सोसायटीचं पत्र यायचं. आई ते पत्र व्यवस्थित घडी करून ठेवायची. कागदही ती टाकत नसे.

शेरिल आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहायची. ती घरं विकायचं काम करायची आणि तिचं नाव आणि हसू चौकातल्या बाकावर छापलेलं होतं. दर शरद ऋतूत शनिवार-रविवार ती इंग्लंडची राणी असे. ह्यूस्टनच्या वर दीड-दोन तासांवर पाइनच्या जंगलात एक जत्रा भरायची. तिथे चारशे वर्षांपूर्वीचं युरोप लाकूड आणि प्लायवूडमध्ये उभं केलेलं होतं. धडधाकट माणसं पस्तीस अंश उन्हात मखमल घालून टर्कीच्या तंगड्या खात फिरायची आणि एकमेकांना सरदार म्हणायची. तिथला राजा एरवी एसी दुरुस्त करायचा, आणि त्या उन्हात त्याने राज्य करण्याऐवजी तेच करावं असं माझं मत होतं. सगळ्यांना अस्सलपणाचं भयंकर वेड. चष्म्याच्या दांड्यांवरून भांडणं होत. मग त्या काळात इंग्लंडमध्ये कोणी न पाहिलेलं मक्याचं कणीस खात ते समेट करत.

शेरिलने आईचं मशीन गराजच्या उघड्या दारातून पाहिलं आणि एका पुस्तकातलं राणीचं चित्र घेऊन ती आली. आईने ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि मला मराठीत विचारलं, "ही बाई बसत कशी असेल गं?" पण दुसऱ्याच दिवशी तिने जुन्या चादरीचा नमुना बेतायला घेतला. पैसे घ्यायचे नव्हतेच, घेता येतच नव्हते. शेरिल अधूनमधून केळ्याचा केक आणून द्यायची. आई खूश होती, आणि ती इतकी खूश मी त्यापूर्वी अमेरिकेत पाहिली नव्हती. आतला घेर उभा राहावा म्हणून तिने कड्या बसवल्या, गळ्याभोवतीची झालर इस्त्रीने एकेक चुणी उभी करून कडक केली. वरच्या चोळीला ताठपणा यावा म्हणून दुकानातला कॅनव्हास तिने हातात घेऊन परत ठेवला आणि तांदळाची, अर्थात धुतलेली, पिशवी आत घातली. वर जाड ड्रिलचं अस्तर. पाठीला बांधायच्या दोरीसाठी बेचाळीस काजं, सगळी हाताने. दोन्ही बाजूंच्या शिवणीत चांगली दोन-दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडली. अकोल्याच्या क्लासमध्ये तिचा पहिला धडा तोच असे. कपडा बाईबरोबर वाढला पाहिजे.

त्या वर्षी जत्रेत हाताने शिवलेल्या पोशाखाचं पहिलं बक्षीस त्या झग्याला मिळालं. आम्ही तिघं तिथे होतो. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. स्टेजवर शेरिलने निळी रिबन छातीवर धरून सांगितलं की यातला प्रत्येक टाका माझ्या हातचा आहे. आईला ते भराभर बोललेलं इंग्रजी कळलं नाही, ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. मी सांगितलं. टाळ्या आणखी दोन वाजल्या आणि थांबल्या. नंतर आम्ही अभिनंदन करायला गेलो. आईनेच आग्रह धरला होता. तिला वाटलं, काहीतरी गैरसमज असेल. शेरिलभोवती दहाबारा सरदार उभे होते. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना ओळख करून दिली की ही सू, ही माझ्या कपड्यांना इस्त्री करते.

माझ्या आईचं नाव सुनंदा आहे. आणि इस्त्री ती बाबांच्या शर्टांनाही करत नसे, ती बाबा स्वतः करायचे.

पुढच्या आठवड्यात शेरिल केक घेऊन आली आणि आवाज खाली आणून, जणू उपकार सांगतेय अशा स्वरात म्हणाली की सूला इथे काम करायची परवानगी नाही ना, तिचं नाव मोठ्याने घेतलं असतं तर कोणीतरी तक्रार केली असती, मी तुम्हाला वाचवलं. खोटेपणात एवढी विचारशक्ती मी त्यानंतर फार थोड्या लोकांत पाहिली. बाबांना ते लगेच पटलं. आमची ग्रीन कार्डाची फाईल कुठल्यातरी इमारतीत कुठल्यातरी टेबलावर पडून होती आणि बाबा त्या टेबलाला घाबरून जगत होते. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "नाव नकोच. उगाच कोणी काही लिहून पाठवलं तर?" आईने केक कापून आम्हाला दिला, स्वतः खाल्ला नाही, आणि गराजमध्ये जाऊन मशीनवर झाकण घातलं.

ते झाकण वर्षभर निघालं नाही. मी शाळेतून यायची आणि भिंतीतून काही ऐकू यायचं नाही. आई टीव्हीवर स्वयंपाकाचे कार्यक्रम आवाज बंद करून पाहायची. माझ्या ड्रेसची बाही उसवली तर म्हणाली, नवीन घेऊ या. दर रविवारी ती कॉलिंग कार्डावरून अकोल्याला मावशीशी बोलायची आणि सगळं छान आहे म्हणायची. शेरिलच्या ऑफिसच्या काचेत ती निळी रिबन फ्रेम करून लावलेली होती. बसच्या खिडकीतून मला ती रोज दिसायची. त्या वर्षी मी लायब्ररीतून त्या काळातल्या पोशाखांवरची पुस्तकं आणून वाचली. त्यांत असं होतं की खऱ्या राणीने स्वतःचा एकही झगा कधी शिवला नव्हता. म्हणजे शेरिल त्या बाबतीत अस्सलच होती. फक्त खऱ्या राणीच्या शिंप्यांची नावं दप्तरात नोंदलेली होती, आणि ती चारशे वर्षांनी मला शुगर लँडमध्ये बसून वाचता येत होती.

पुढच्या सप्टेंबरात शेरिल वाइनच्या रंगाची मखमल घेऊन दारात उभी राहिली. जुना झगा जरा आखडला होता. तीन आठवड्यांत नवीन होईल का? आई म्हणाली, "करते की," आणि ते तिला इंग्रजीतही सांगितलं. मी स्वयंपाकघरात भांडं आपटलं. शेरिल गेल्यावर मी इंग्रजीत बरंच काही बोलले, त्यात लाचार या अर्थाचा एक शब्द होता. तो शब्द आईला समजत नसेल असं मी तेव्हा धरून चालले होते. आता इतकी खात्री वाटत नाही.

"झालं बोलून?" आई म्हणाली. "मग ये इकडे आणि काजं कर."

मशीन सुरू झालं. मी काजं केली, पण मनात माझा स्वतःचा बेत शिजत होता. त्यामुळे समोर काय चाललंय याकडे माझं नीट लक्ष नव्हतं, नाहीतर दोन गोष्टी मला तेव्हाच खटकल्या असत्या. एक म्हणजे नव्याच कुठल्यातरी कंपनीच्या तांदळाची पिशवी आईने घरात पाऊल पडताच डब्यात रिकामी केली आणि ती पिशवी कुंपणावर दिसली नाही. आणि दुसरं, चोळीला या वेळी ड्रिलऐवजी पातळ पांढऱ्या मलमलीचं अस्तर होतं. मी विचारलं होतं. आई दातांत दोरा धरून म्हणाली, "उकडतं गं तिला."

माझा बेत असा होता. राणीला दासी लागते. मागच्या वर्षीची दासी कॉलेजला गेली होती. मी शेरिलला जाऊन विचारलं. तिने माझ्याकडे पाहून थोडा विचार केला. अस्सलपणाच्या दृष्टीने इंग्लंडच्या दरबारात माझ्यासारखी कोणी असावी का, हा प्रश्न होता. पण पंखा धरायला चालेल असं शेवटी ठरलं. दासीचं मुख्य काम राणीला कपड्यांत बांधणं. आतल्या घेराच्या आणि परकरांच्या मिळून तीन नाड्या असत. परकर नेसणाऱ्या घरातली मुलगी म्हणून मला दोन गाठी येत होत्या. सुरगाठ, जिचं एक टोक ओढलं की सुटते, आणि निरगाठ, जी दातांनी सोडवावी लागते आणि तरीही सुटेलच असं नाही. जत्रेतले संडास प्लास्टिकच्या उभ्या डब्यांसारखे होते, कड्यांचा घेर सोडल्याशिवाय त्यांत शिरता येत नसे. राणी सकाळपासून जस्ताच्या पेल्यातून डाएट सोडा पीत असे. बाकीचं मी निसर्गावर सोपवणार होते.

त्या शनिवारी तंबूत मी तिच्या प्रत्येक नाडीला तीन निरगाठी मारल्या, एकीवर एक, पाणी लावून. मला फार थोर वाटत होतं. अकराच्या सुमारास राणी घाईघाईने तंबूत आली, नाडी ओढली, पुन्हा ओढली. मी चेहऱ्यावर ते सराव केलेलं तेज आणलं. शेरिलने कमरेच्या साखळीला लटकणाऱ्या नक्षीच्या कात्रीने, जी मागच्या वर्षी आईनेच तिला भेट दिली होती, तिन्ही नाड्या कापल्या. दोनेक सेकंद लागले असतील. परत आल्यावर सेफ्टी पिना लावून घेता घेता ती गोड आवाजात म्हणाली की आईला सांग, नाड्या जरा बऱ्या लावत जा. वर्षभराचा माझा सूड, आणि त्यातून निष्पन्न काय, तर आईच्या कामावर आणखी एक ठपका. मी पंखा हलवत राहिले.

तीन वाजता स्पर्धा होती. आईबाबा पहिल्या रांगेत येऊन बसले होते, ते मला जरा विचित्र वाटलं, कारण आई पुढे कधी बसत नसे. या वर्षी परीक्षक नवीन होती. काठीसारखी बारीक म्हातारी, गळ्यात साखळीचा चष्मा. तिने कुठल्याशा संग्रहालयात जुने कपडे दुरुस्त करण्यात जन्म घालवला होता आणि तिला झग्यांच्या बाहेरच्या बाजूत काडीचा रस नव्हता. तिने सगळ्यांना सांगितलं, वरची चोळी काढून माझ्या हातात द्या. आत अंगभर सदरा असतोच, त्यामुळे लाजण्यासारखं काही नव्हतं. शेरिल हसत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी बेचाळीस काजांतून दोरी ओढून काढली आणि चोळी परीक्षकाला दिली.

शेरिलच्या पांढऱ्या लिननच्या सदऱ्यावर, छातीखालपासून कमरेपर्यंत, घामाने उठलेला निळा रंग होता. दोन मोर समोरासमोर होते, एकाची मान जरा पसरली होती. त्यांच्या मध्ये मोठी ठळक अक्षरं होती, पण उलटी, त्यामुळे कोणाला वाचता येईनात. मागून कोणीतरी म्हणालं की डिझाइन छान आहे. शेरिलने खाली पाहिलं. राणीच्या कमरेला अस्सलपणासाठी एक छोटा हातआरसाही होता. तो उचलून तिने पोटासमोर धरला. आरशात अक्षरं सुलटी होतात. त्यामुळे ती वाचण्याचा पहिला मान तिलाच मिळाला. तिचे ओठ हलले ते मी बाजूने पाहिलं. एक्स्ट्रा लाँग ग्रेन.

तोवर म्हातारी चोळीच्या खालच्या कडेशी पोचली होती. तिथे अस्तर चार बोटं न शिवता सोडलं होतं. प्रवेशाच्या फॉर्मवर शेरिलने लिहिलं होतं की आतलं कापड हॉलंडहून मागवलेलं हातमागाचं लिनन आहे. म्हातारीने चष्मा लावला, बोटाने अस्तर उचललं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत वाचलं, "नेट वेट ट्वेंटी पाउंड्स." लोक हसले. ती हसली नाही. ती बाजूची शिवण बोटांत धरून पाहत होती. तिने शेरिलला विचारलं, इथे आत एवढं कापड का सोडलंय? शेरिल म्हणाली, त्या काळात तसंच करत. म्हातारी म्हणाली, ते मला माहीत आहे, मी विचारतेय का सोडलंय.

मग पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीलाही ऐकू जावा तसा, शिवणक्लासमधला आवाज, जो मी अकोला सोडल्यापासून ऐकला नव्हता.

"फॉर नेक्स्ट इयर," आई म्हणाली. "शी इज गेटिंग फॅट एव्हरी इयर."

म्हातारीने वळून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही कोण? बाबांनी आईचा कोपर घट्ट धरला. ते पुटपुटत होते ते मला स्टेजवरूनही ओठांवरून कळलं: फाईल, अगं, फाईल. आई उभी राहिली, डबा खुर्चीवर ठेवला, आणि आमच्याकडे शाळेच्या दाखल्यापासून मतदार यादीपर्यंत बाई जसं नाव सांगते तसं तिने ते सांगितलं.

"सुनंदा विजय पाटणकर."

विजय म्हणजे बाबा. म्हातारीने तिच्याकडून एकेक अक्षर सांगून घेतलं आणि पेन्सिलने वहीत लिहिलं, तिन्ही शब्द. मग ती म्हणाली की अशी काजं मी बऱ्याच वर्षांत पाहिली नाहीत, आणि पोशाख घालणारीने शिवलेला नाही म्हणून स्पर्धेतून बाद आहे. ही दोन्ही वाक्यं तिने एकाच सुरात सांगितली. पहिलं बक्षीस तुरुंगाधिकाऱ्याच्या वेषातल्या एका दाताच्या डॉक्टरला गेलं.

पार्किंगमधून निघायला तासभर लागला. हायवेला लागल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले. "तुझं नाव सांगितलंस ते सांगितलंस. मध्ये माझं घ्यायची काय गरज होती?"

"पूर्ण नाव तसंच असतं," आई म्हणाली.

मी मागच्या सीटवरून विचारलं, "आई, पिशवी धुवायची राहिली होती का?"

आई खिडकीबाहेर पाहत होती. "सतरा वर्षं शिवतेय मी, मुक्ते. मला कापडाची उलट-सुलट कळत नाही का?" मग थोड्या वेळाने, "मला वाटलं होतं, घरी जाऊन कपडे उतरवेल तेव्हा समजेल तिला. एवढ्या लोकांत होईल असं नव्हतं वाटलं." आणखी दोन एक्झिट गेल्या. "बरं झालं."

मोठं झाल्यावर अशा आठवणींत समोरच्याबद्दल थोडी करुणा मिसळते म्हणतात. मी बरीच वर्षं वाट पाहिली. शेरिलचा निळा सदरा आणि तो पोटासमोर धरलेला आरसा आठवला की मला आजही तितकंच बरं वाटतं, आणि फोनवर आईला त्याची आठवण करून दिली की तिलाही. साठी उलटून गेली तिची, पण त्या एका विषयावर तिचा आवाज लगेच खणखणीत होतो. रिबनची फ्रेम ऑफिसच्या काचेतून त्याच महिन्यात गेली. शेरिल राणी मात्र आणखी दोन वर्षं होती. राण्यांचं तसंच असतं. आमची फाईल पुढे बऱ्याच वर्षांनी त्या टेबलावरून हलली. मुलाखतीत अधिकाऱ्याने पत्ते विचारले, लसी विचारल्या. बाबा घामाघूम होऊन शिवणकामाच्या प्रश्नाची वाट पाहत बसले होते, तो आलाच नाही. मशीनवरचं झाकण आईने धुऊन त्याची दोन पायपुसणी केली.

त्या पिशवीतला तांदूळ दिवाळीपर्यंत पुरला. त्याचा दाणा काही लांब नव्हता. शिजला की तुकडे व्हायचे, म्हणून आईने तो सगळा खिचडीत संपवला.